जुन्या नौकेचा परिग्रह

पातंजल योगसूत्रांत यमांची गणना करताना अपरिग्रह अखेरीस येतो, आणि व्यासभाष्यात त्याचे जे विवरण आले आहे ते इतके व्यवहारी आहे की, ते एखाद्या विरक्ताने लिहिले की मिळकतीचे दावे पाहण्यात हयात घालवलेल्या एखाद्या शिरस्तेदाराने, असा संभ्रम वाचणाऱ्यास पडावा. विषयांचा स्वीकार का करू नये, तर त्यांच्या ठायी पाच दोष दिसतात म्हणून : ते मिळवावे लागतात, मिळवल्यावर राखावे लागतात, राखता राखता क्षीण होतात, क्षीण होत असतानाच त्यांचा लळा लागतो, आणि या साऱ्या उपद्व्यापात कोणाला ना कोणाला इजा पोहोचते. येथे नरकाचा धाक नाही की स्वर्गाचे आमिष नाही. भाष्यकाराने केवळ खर्चाची बाजू मांडली आहे, आणि जमेची बाजू वाचकास तोंडपाठ असणार असे गृहीत धरून ती कोरी सोडली आहे. हे विवरण मला मध्यंतरी पुन्हा काढून वाचावे लागले, ते कोणत्याही आध्यात्मिक निकडीने नव्हे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिअ‍ॅटल शहरी स्थायिक झालेल्या एका सेवानिवृत्त इंजिनिअर स्नेह्यांनी पन्नाशीला आलेली एक मोटारनौका विकत घेण्याचे मनात आणले, तिच्या खर्चाचा तक्ता तयार केला आणि मी त्यांच्याकडे मुक्कामाला असताना तो अभिप्रायासाठी माझ्यापुढे ठेवला. त्यात किंमत, विमा, इंधन आणि धक्क्याचे भाडे असे चार रकाने होते. भाष्यकाराच्या हाती हा तक्ता पडता तर त्याने तो अपुरा म्हणून परत धाडला असता, असे मला पहिल्या वाचनातच वाटले.

नौकेची जात सांगणे अवश्य आहे, कारण या प्रकरणात जातीवरून पुष्कळ काही ठरते. हाँगकाँगमधील अमेरिकन मरीन या कारखान्याने गेल्या शतकाच्या सातव्या दशकात ‘ग्रँड बँक्स’ या नावाच्या मोटारनौका बांधावयास प्रारंभ केला. न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्यापलीकडे जो उथळ समुद्र शतकानुशतके मच्छीमारांना पोसत आला त्याचे हे नाव. घडणही मच्छीमार जहाजाच्या धर्तीची, नाळ उंच, मधोमध चौकोनी घर, चाल संथ, पोट भरदार. १९७३ पर्यंत या नौकांची कवचे महॉगनीच्या फळ्यांची असत; त्या वर्षापासून ती काचतंतू आणि राळ यांची होऊ लागली, आणि स्नेह्यांच्या नजरेत भरलेली ४२ फुटी नौका या दुसऱ्या पर्वाच्या आरंभीची होती. तिच्या पोटात प्रत्येकी १२० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिने आहेत, मूळची फोर्डची, जमिनीवरच्या कामासाठी घडवलेली आणि लेहमन या पेढीने समुद्राच्या उपयोगाची करून घेतलेली, ज्यांची ख्याती अशी की त्यांना स्वच्छ तेल आणि स्वच्छ डिझेल मिळत गेले तर ती मालकाच्या मागेही चालत राहावीत. ज्याने आयुष्यात कधी जाळे टाकले नाही त्याला मच्छीमाराच्या आकाराची हौस वाटावी, यातली गंमत मी स्नेह्यांना बोलून दाखवली नाही. साधेपणाचा आभास हा संपन्नतेचा फार जुना अलंकार आहे, आणि तो माझ्याही अंगावर कुठे ना कुठे असेलच.

पाच दोषांपैकी पहिल्याचा, म्हणजे मिळवण्याच्या कष्टाचा, विचार मी लवकर आटोपतो, कारण जुन्या नौकेच्या बाबतीत तोच सर्वांत सौम्य आहे. अशा नौकेची किंमत लाख डॉलरच्या आतबाहेर पडते, आणि तेवढ्याच लांबीची नवी घेऊ म्हटल्यास दहा लाखांची भाषा सुरू होते. तेव्हा नव्वद टक्के सूट मिळाल्याच्या आनंदात गिऱ्हाईक धक्क्यावर उभे असते, आणि तेवढ्यात कोणी तरी जाणता त्याला सांगतो की नौकेचा वार्षिक खर्च म्हणजे किमतीचा दहावा हिस्सा धरून चालावे. हा ठोकताळा नव्या नौकेपुरता ठीक आहे. जुन्या नौकेला तो लावणारा मनुष्य मात्र फसतो, कारण किंमत बाजार ठरवतो आणि खर्च नौकेची लांबी, वजन व तिच्यातील यंत्रांची संख्या ठरवते. बाजाराने तिचा भाव दहापटीने उतरवला म्हणून ती काही ४२ फुटांची चार फुटांची होत नाही, आणि तिचा सुकाणूचा दांडा नवा करणारा कारागीर तिचे वय पाहून मजुरीत सूट देत नाही. उलट वयाचा अधिभारच लागतो. माझ्या मते येथे खरेदीची किंमत हा खर्चाचा आरंभही नव्हे, ती केवळ त्या खर्चात प्रवेश मिळण्याची फी आहे.

क्षयाचे दर्शन मला प्रत्यक्ष घडले. खरेदीपूर्वी नौका पाण्याबाहेर काढून तज्ज्ञाकडून तिची तपासणी करून घेण्याची तिकडे रीत आहे, फुटाला २० ते ३० डॉलर असा तिचा आकार पडतो, आणि हा खर्च विकत घेणाऱ्यानेच सोसायचा असतो. चाकांवरच्या एका अवाढव्य यारीने दोन रुंद पट्ट्यांत पकडून ती नौका उचलली तेव्हा तिच्या तळातून पाणी निथळत होते, आणि तपासनीस हातात एक छोटी हातोडी घेऊन तिच्या पोटाखाली वाकून चालत होता. त्याने कवचावर वीतभर अंतराने टकटक करावयास सुरुवात केली. कोरडा, टणक आवाज आला की तो पुढे सरके. मध्येच एखाद्या ठिकाणी आवाज बद्द निघाला की तेथेच थांबून चारी बाजूंनी पुन्हा वाजवून पाही आणि खडूने तेवढ्या भागाभोवती कुंपण घाली. तळाशी सुपारीएवढे काही फोड आले होते. त्यातला एक त्याने टोच्याने फोडला, आतला चिकट द्रव बोटावर घेतला आणि हुंगण्यासाठी आमच्यापुढे धरला. त्याला शिरक्यासारखा आंबूस वास येत होता. वर्षानुवर्षे पाण्यात राहिल्याने बाहेरच्या लेपातून पाणी आत मुरते, राळेतील अवशिष्ट द्रव्यांशी त्याचा संयोग होऊन आम्ल तयार होते आणि ते आतून लेप फुगवते. हा प्रकार पन्नास वर्षांच्या नौकेत थोडाफार असायचाच, त्याने ती बुडत नाही, असे तो म्हणाला आणि पुढे सरकला.

डेकवरचे प्रकरण अधिक गंभीर निघाले. त्या काळी काचतंतूच्या डेकवर सागाच्या पट्ट्या बसवीत, त्या स्क्रूंनी खाली आवळीत, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सागाचीच एक गुडदी ठोकून ती रंध्याने सपाट करीत. असे स्क्रू एका नौकेत हजारांनी असतात. सागावरून चालून, घासून, धुऊन पट्ट्या झिजतात, गुडद्या उडतात, आणि मग यांतले प्रत्येक छिद्र म्हणजे आतल्या लाकडी गाभ्यात पाणी उतरण्याची वाट होते. गाभा कुजतो आणि पायाखाली डेक किंचित दबतो. तेच पाणी डिझेल भरण्याच्या तोंडाशेजारून झिरपत लोखंडी टाक्यांच्या माथ्यावर साचते, आणि आतल्या इंधनाने कधी न गंजणारी टाकी बाहेरून, वरून, कोणाच्या दृष्टीस न पडता गंजते. टाकी काढावयाची तर बहुधा आधी इंजिन उचलावे लागते, अथवा टाकी जागच्या जागी कापावी लागते. आणि मग हजार-दोन हजार डॉलरची टाकी बदलण्यास दहा-वीस हजारांचा आकार पडतो. हा दोष कारखान्याचा नव्हे, वयाचा आहे, हे तपासनिसाने अहवालात लिहिले नसले तरी तोंडी आवर्जून सांगितले.

योगभाष्याच्या चौथ्या पादात, कैवल्याच्या उंबरठ्यावर, कालक्रमाचा विचार करताना भाष्यकार नव्या वस्त्राच्या जुनेपणाचा दाखला देतो. वस्त्र एका दिवसात जुने होत नाही; ज्या क्षणांतून ते गेले ते क्षण कोणी पाहिलेले नसतात, पण अखेरीस दिसणारे जीर्णत्व हेच त्या न पाहिलेल्या क्षणमालेचे प्रमाण असते. खडूने आखलेली ती कुंपणे पाहताना मला हा दाखला आठवला, आणि त्यात भाष्यकाराने न सांगितलेला, सांगण्याचे त्याला कारणही नसलेला, एक भाग ध्यानात आला. ज्या क्षणांचे जीर्णत्व माझे स्नेही विकत घेणार होते ते क्षण त्यांचे नव्हतेच. त्या लेहमन इंजिनांच्या इंधनपंपाला इंजिनाच्या तेलाहून वेगळे, एका पेल्यात मावेल इतके स्वतःचे तेल असते आणि ते दर ५० तासांनी बदलावे लागते. अगोदरच्या पाच-सहा मालकांपैकी कोणी ते कंटाळून टाळले असेल तर त्याने वाचवलेल्या अर्ध्या तासाचे बिल आज सातव्याच्या नावे फाडले जाते. नवी वस्तू घेणारा आपल्या हातच्या क्षयास आरंभ करतो. जुनी घेणारा दुसऱ्यांच्या प्रारब्धाचा वारस होतो. म्हणूनच जुन्या नौकेच्या विक्रेत्याकडे मागावयाचा पहिला दस्तऐवज म्हणजे खरेदीखत नव्हे, देखभालीची वही होय. ती कोरी असेल तर कवचाचा रंग कितीही ताजा असो, तेथून निघावे.

या वारशाला कायद्याचाही आधार आहे, आणि तो मराठी वाचकाला परका वाटू नये. सागरी कायद्यात दावा मालकावर न होता खुद्द जहाजावर होऊ शकतो. जहाज हाच प्रतिवादी, त्याच्यावरच जप्ती, आणि कायद्याच्या भाषेत त्याला जहाजाची अटक म्हणतात. गोदीची थकलेली मजुरी, टक्करीची नुकसानभरपाई, खलाशांचा पगार यांचा बोजा जहाजाला चिकटतो आणि विक्री झाली तरी बहुधा सुटत नाही, मग विकत घेणारा कितीही निरपराध असो. म्हणून अमेरिकेत तटरक्षक दलाच्या दप्तरी नोंदलेल्या नौकेचा उतारा काढून बोजा तपासल्याशिवाय शहाणा मनुष्य पैसे मोजत नाही. आपल्या मुंबईच्या उच्च न्यायालयातही जहाजाच्या अटकेचे अर्ज चालतात, आणि २०१७ साली केंद्राने त्याविषयी स्वतंत्र कायदा केला. निर्जीव वस्तूला व्यक्ती मानण्याची ही तऱ्हा इंग्रजी कायद्याला समुद्रावर सुचली, तशी हिंदू कायद्याला देवळात सुचली होती. १९२५ साली प्रमथनाथ मल्लिक यांच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे असे मानले, आणि आमच्या गावोगावच्या देवस्थान इनामांत तर जमिनीचा मालक देव व पुजारी केवळ वहिवाटदार ही रचना लोकांच्या अंगवळणी पडलेली आहे. पुजाऱ्याने जमीन कसावी, उत्पन्नातून दिवाबत्ती चालवावी, आपले पोट भरावे. मात्र जमीन आपली म्हणून विकू नये.

जुन्या नौकेचा मालक हा याच अर्थाने वहिवाटदार आहे, असे मला वाटते, आणि या लेखात सांगण्यासारखे माझ्याकडे काही असेल तर ते एवढेच. ज्याला मालकी हवी आहे त्याने ही नौका घेऊ नये. मालकीत उपभोगाचा हक्क आधी येतो आणि कर्तव्य मागाहून, तर येथे क्रम उलटा आहे. तिची चाकरी करता करता पदरात जो दिवाबत्तीतून उरलेला उन्हाळा पडेल तोच नफा. स्नेही जेव्हा म्हणाले, ‘‘अहो, वर्षातून दोनच महिने फिरायला मिळणार, बाकीचे दहा महिने खर्च वाया,’’ तेव्हा मी त्यांना विचारले की त्या दहा महिन्यांतल्या रविवारी इंजिनघरात गुडघे टेकून बसणे त्यांना आवडते की नाही. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, की नोकरी सुटल्यापासून हाताला ग्रीस लागलेले नाही, याचेच त्यांना अधिक वाईट वाटते.

राखण्याचा खर्च मोजण्यासारखा आहे, तेव्हा तो मोजलेलाच बरा. धक्क्यावरच्या जागेचे भाडे त्या शहरात फुटाला दरमहा पंधरा-वीस डॉलर पडते, म्हणजे या नौकेपुरते वर्षाला आठ ते दहा हजार. दोन-तीन वर्षांतून एकदा पाण्याबाहेर काढून तळ घासणे, रंगवणे. आणि पाण्याखालच्या पितळी-कांस्य भागांशेजारी बसवलेले जस्ताचे गट्टे वर्षाला, कधी त्याआधीच, बदलणे. या गट्ट्यांचे काम मला फार विलक्षण वाटले. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकत्र आले की त्यांच्यात विद्युत्‌प्रवाह सुरू होतो आणि हीन धातू झिजू लागतो. तेव्हा पंखा आणि त्याचा दांडा वाचावा म्हणून त्यांच्याहून हीन असे जस्त मुद्दाम शेजारी ठेवतात, आणि ते स्वतः विरघळत जाऊन त्यांचे रक्षण करते. अर्धा गट्टा उरला की तो बदलायचा, आणि तो जसाच्या तसा शिल्लक दिसला तर समाधान मानण्याऐवजी घाबरायचे, कारण मग जोडणी तुटलेली असते आणि आहुती दुसराच कोणीतरी देत असतो. सिअ‍ॅटलच्या लोकांची आणखी एक सोय आहे : १९१७ साली खुल्या झालेल्या बॅलर्डच्या जलपाशांतून नौका समुद्रातून लेक युनियनच्या गोड्या पाण्यात आणून बांधता येते, तेथे तळाला कालवे-शिंपले धरत नाहीत. पण तिकडचा हिवाळा पावसाळी, आणि लाकडाचा वैरी समुद्र नसून पाऊस आहे. मीठ लाकडाला टिकवते, गोडे पाणी कुजवते. पावसाळ्याआधी होड्या ओढून, झापांनी झाकून ठेवणाऱ्या आमच्या कोकणातल्या कोळ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही, आणि त्या चार महिन्यांना तो वाया गेलेले दिवसही म्हणत नाही.

विम्याची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की, दक्षिण आफ्रिकेत गीतेचे मनन करीत असता अपरिग्रह आचरणात आणायचा कसा हे त्यांना कळेना, आणि तेव्हा त्यांच्या मदतीला आले ते बॅरिस्टरीच्या अभ्यासात वाचलेले स्नेलचे न्यायतत्त्वांवरील पुस्तक. विश्वस्ताच्या ताब्यात कोट्यवधींची संपत्ती असली तरी त्यातला एक छदामही त्याचा नसतो, त्याप्रमाणे मुमुक्षूने वागावे, असा अर्थ त्यांना उमगला. वहिवाटदाराची जी कल्पना मी वर मांडली ती या थोर विश्वस्ताची धाकटी, खेड्यातली बहीण आहे. त्या निश्चयानंतर गांधीजींनी मुंबईस उतरवलेली आपली आयुर्विम्याची पॉलिसी सोडून दिली. नौकेच्या विश्वस्ताला मात्र हे स्वातंत्र्य नाही. तिसऱ्याच्या नुकसानीचा विमा असल्याचा दाखला दिल्याशिवाय धक्का सहसा जागा देत नाही, चाळिशी उलटलेल्या नौकेचा विमा उतरवायला कंपन्या कुरकुरतात, दर काही वर्षांनी नवी तपासणी मागतात, आणि अशा रीतीने क्षयाचा खर्च रक्षणाच्या खात्यात पुन्हा एकदा पडतो.

हिंसेच्या रकान्यावर स्नेह्यांचा प्रथम विश्वासच बसला नाही. मोटारनौकेत कोणाला मारले, असे त्यांनी हसून विचारले. या जातीची नौका सात-आठ नॉटच्या चालीने दोन्ही इंजिने मिळून तासाला १५ ते २० लिटर डिझेल पिते, हे त्यांना माहीत होते. चाल वाढवण्याला पाण्याचा स्वतःचा एक नियम आहे : पाण्याला टेकलेल्या लांबीचे फुटांत वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले की जो आकडा येतो, येथे साडेआठ नॉटच्या आसपास, त्यापुढे अशी जड नौका आपल्याच उठवलेल्या लाटेवर चढू लागते आणि एकेका जास्तीच्या नॉटसाठी इंधन वारेमाप वाढते. सात नॉटला समाधान मानणारा आणि नऊ नॉटसाठी हट्ट धरणारा यांच्या बिलांत जो फरक पडतो तो तृष्णेचा हिशेब आहे, आणि इतका चोख हिशेब तत्त्वज्ञानात क्वचितच मिळतो. पण हिंसा एवढ्यावर थांबत नाही. तळावर शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायच्या रंगात तांबे असते, ते पाण्यात झिरपते, आणि सूक्ष्म प्रमाणातही ते सामन माशांची घ्राणशक्ती बिघडवते. जो मासा वासाच्या खुणेने आपल्या जन्मओढ्याकडे परत येतो आणि वासानेच शत्रू ओळखतो, त्याच्या दृष्टीने हे आंधळे होण्यासारखे आहे. बॅलर्डच्या जलपाशांशेजारी या माशांसाठी पाण्याचा जिना बांधला आहे, त्याला काचेच्या खिडक्या आहेत, आणि ज्या वाटेने नौका आत येतात त्याच वाटेने मासे वर चढताना दिसतात. वॉशिंग्टन राज्याने २०११ साली छोट्या नौकांसाठी ताम्ररंग बंद करण्याचा कायदा केला आणि पुढे, पर्यायी द्रव्येही निर्दोष नाहीत अशी शंका आल्यावर, त्याचा अंमल लांबणीवर टाकला. त्याआधीच्या पिढीत कथिलाचे संयुग वापरीत. त्याने फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरातले कालवांचे शिंपले वेडेवाकडे होऊ लागले तेव्हा १९८२ मध्ये तिकडे छोट्या नौकांवर त्याला बंदी आली, आणि जगभरच्या जहाजांना ती २००८ मध्ये लागू झाली. पापाची जागा बदलते, पाप बदलत नाही, असे मी म्हणणार नाही. तांबे कथिलाहून बरे आहे. पण शून्यावर आणणारा रंग अद्याप कोणी विकत नाही.

उरला संग. जैन आचार्य उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूचा उल्लेखही केला नाही. मूर्च्छा, म्हणजे वस्तूच्या ठायी शुद्ध हरपणे, यालाच त्यांनी परिग्रह म्हटले. जुन्या नौकेची मूर्च्छा विशिष्ट प्रकारची असते, आणि ती सौंदर्याने येत नाही, खर्चाने येते. पहिल्या वर्षी डेक, दुसऱ्या वर्षी टाक्या, तिसऱ्या वर्षी विजेच्या तारा. आणि चौथ्या वर्षी इंजिनाचे मोठे काम निघाले की मनुष्य असा विचार करीत नाही की आता थांबावे, तर असा करतो की एवढे घातले ते बुडू द्यायचे काय. गेलेला पैसा पुढच्या पैशाची वकिली करतो. थीसियसच्या जहाजाची फळीन्‌फळी बदलल्यावर ते तेच राहिले का, हा ग्रीकांचा प्रश्न विद्वानांना अद्याप पुरतो. धक्क्यावरच्या मनुष्याला तो छळत नाही. त्याची अडचण अशी की, नौका तीच असो वा नसो, बिलांवरचे नाव मात्र दर वेळी त्याचेच असते.

येथवर भाष्यकाराशी माझे पूर्ण एकमत आहे. मतभेद आहे तो त्याच्या निष्कर्षाविषयी, आणि तोही त्याच्या काळाकडे पाहून नव्हे, नौकेकडे पाहून. पाच दोष दिसल्यावर स्वीकारू नये, असे तो सांगतो, आणि त्यामागे एक अनुक्त गृहीत आहे : नाकारलेली वस्तू आपोआप सृष्टीत विरून जाईल. लाकडाची होडी किनाऱ्यावर सोडली तर वाळवी आणि समुद्र तिचा हिशेब दोन पिढ्यांत मिटवतात. काचतंतूचे कवच कोणी नाकारले तर ते तसेच राहते. ते कुजत नाही, वितळवून पुन्हा घडवता येत नाही, जाळले तर विषारी धूर देते. सत्तरीच्या दशकात अशी कवचे हजारोंनी ओतली गेली आणि आज ती सारी एकदमच म्हातारी झाली आहेत. त्यांना कोणी स्वीकारले नाही, तर त्यांच्या टाक्यांतले तेल आणि तळाचा रंग खाडीत उतरतो. विरक्ताचा नकार येथे निर्दोष राहत नाही; फार तर तो दुसऱ्याच्या, आणि अखेरीस सरकारच्या, माथी मारलेला स्वीकार असतो. वॉशिंग्टन राज्याला २००२ साली बेवारस नौका उचलण्यासाठी स्वतंत्र कायदाच करावा लागला, आणि पुढे त्यात अशी भर घालण्यात आली की ६५ फुटांहून लांब व ४० वर्षांहून जुनी नौका विकायची तर आधी तिची तपासणी झाली पाहिजे, नाही तर ती पुढे बेवारस झाल्यास विकणाऱ्यालाही खर्चात ओढता येईल. फ्रान्सने २०१९ पासून जुन्या मनोरंजन-नौका मोडून घेण्याची यंत्रणा उभी केली असून, तिच्या खर्चासाठी प्रत्येक नव्या नौकेच्या निर्मात्याकडून वर्गणी घेतली जाते. म्हणजे जन्माच्या वेळीच अंत्येष्टीची तरतूद. ही तरतूद आमच्या भाष्यकाराला निश्चित पटली असती.

स्नेह्यांची नौका ४२ फुटांची, तेव्हा कायद्याचे ते कलम त्यांना लागू नव्हते. तरीही त्यांनी तक्त्यात शेवटी ‘विल्हेवाट’ असा एक रकाना वाढवला, कवच मोडून, तेल उपसून, ते कचरा-आगारात पोहोचवण्याचा दर एका गोदीतून लेखी मागवला आणि तो काही हजार डॉलरांचा आकडा आपल्या देकाराच्या रकमेतून वजा केला. दलालाने हा प्रकार आजवर पाहिला नव्हता. नौका अजून पंचवीस वर्षे चालेल, तुम्ही आत्ताच तिच्या सरणाचे पैसे कसे मागता, असे तो जरा घुश्शातच म्हणाला. स्नेही म्हणाले की पंचवीस वर्षांनी ते सत्त्याण्णव वर्षांचे असतील, आणि त्या वेळी दलाल हा हिशेब कोणाशी करणार हे त्याने सांगावे. विकणारे गृहस्थही वयस्क होते. त्यांनी डेकच्या आणि टाक्यांच्या वजावटीवर पुष्कळ घासाघीस केली, पण ही वजावट वाचून झाल्यावर दलालामार्फत उत्तर न धाडता स्वतः फोन केला, कारण समजून घेतले, आणि निम्मी कबूल केली.